भरमूची मिटलेली मूठ

संकेश्वरहून आमच्या वाडीकडं वळलं की हंगामात गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा वास येतो. त्या गुऱ्हाळावर भरमू गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत तासन्‌तास उकळत असतो. त्याचा गूळ नेमका कधी झाला, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. थंड पाण्यात बोटं बुडवायची, उकळत्या पाकातला थेंब चिमटीत धरायचा, परत पाण्यात न्यायचा आणि गोळी वळते का बघायचं. काम एवढंच, पण जरा उशीर झाला तर अख्खी काहील वाया.

माझी पिठाची गिरणी भरमूच्या घरासमोर. त्यामुळं हा माणूस मी रोज बघत आलो. कष्टाळू, निर्व्यसनी, पण मुळातच संशयी. दळण टाकलं की पीठ हातात पडेपर्यंत गिरणीतून हलायचा नाही. "तुझ्यावर इस्वास न्हाय असं न्हाय," म्हणायचा, "पर पीठ बदलायला काय येळ लागतोय?" आम्ही हसायचो. बायको नागुबाई बेळगुंदीची, शांत बाई. धाकटा भाऊ गुंडू त्याच्याच हाताखाली गुऱ्हाळावर शिकत होता, लग्नाचा होता. घरात तिघंच.

दोन हंगामांपूर्वी एका सकाळी घाण्याला ऊस लावणारा गडी आला नाही. काहिलीखालच्या चुलवाणाची आच जोतिबा नावाचा गडी बघत होता, गुंडू चिपाडं ओढून बाजूला टाकत होता, म्हणून भरमू स्वतःच घाण्यापाशी उभा राहिला. एक वाकडा ऊस अडकला. त्यानं तो उजव्या हातानं पुढं रेटला. सदऱ्याची बाही रुळांत गेली आणि बाहीमागं हात गेला. मोटर गुंडूनं बंद केली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बेळगावच्या दवाखान्यात कोपराखालून हात काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर भरमूनं पहिल्यांदा बायकोकडं बघितलं नाही, डॉक्टरकडं नाही. गुंडूकडं बघून विचारलं,

"हात कुटं हाय?"

गुंडू म्हणाला, "पुरलाय, अण्णा. नीट पुरलाय. आपल्या मळ्यात."

भरमूनं डोळे मिटले. त्या वेळेला त्याला ते पुरलं.

घरी आल्यावर जखम भरली, टाके निघाले. एक दिवस तो गिरणीत येऊन बसला. कपाळावर घाम होता. थोट्या हाताला दुसऱ्या हातानं धरून म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. हात हाय."

"कुठला हात?"

"गेलेला. मूठ मिटून बसलाय. नखं तळव्यात घुसाय लागल्यात. उघडाय बघतोय, उघडत न्हाय."

मी काय बोलणार? मनाचा खेळ असेल म्हणालो. त्याला ते लागलं. गल्लीतल्या जाणत्यांनीही तेच सांगितलं, आणि भरमूनं एकेकाशी बोलणं कमी केलं. दुखणं मात्र खरं होतं. जेवताजेवता ताट सरकवून तो दात आवळून बसायचा. नागुबाई थोट्या हाताला तेल लावायची, तर म्हणायचा, "हितं न्हाय गं. खाली. बोटात." खाली चटईशिवाय काही नसायचं.

मग एकदा चुलवाणावरचा जोतिबा भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "पुरताना मूठ उघडून, बोटं सरळ करून ठेवाय पायजे हुती. आवळलेलीच मातीआड केली असंल. मग दुसरं काय हुणार?"

जोतिबाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण भरमूच्या मनात बी पडलं ते पडलंच.

त्यानं गुंडूला विचारलं, "कुटं पुरलास?"

"बांधाकडंला. आंब्याखाली."

दोन-चार दिवसांनी परत विचारलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं. "परवाच्या अवकाळीत वड्याला पाणी आलतं तवा तिथली माती वाहून गेली नसंल न्हवं?"

"न्हाय गेली, अण्णा. वड्यापास्नं लांब घेतलाय की खड्डा. हिरीच्या अंगाला."

आंबा एका टोकाला, विहीर दुसऱ्या टोकाला.  त्या दिवसापासून भरमूची नजर बदलली. गुंडू जेवायला बसला की हा त्याच्या हातांकडं बघायचा. गुंडू मान वर करायचा नाही, आणि त्यानं संशय आणखी वाढायचा. त्यात भरमू घरी बसल्यापासून काहिलीवर गुळव्या म्हणून गुंडूच उभा राहत होता. मालकाला दुसरा कुणी मिळाला नव्हता, इतकी साधी गोष्ट. भरमूला ती साधी वाटेना.

"मोटरपास्नं तो किती लांब हुता, तू बघितलंस काय?" त्यानं मला एकदा विचारलं. मी तिथं नव्हतोच. "जोतिबा म्हणतोय, मी वरडलो तवा गुंडू उभाच हुता. माझ्याकडं बघत."

"असं काय बोलतोस रं? सख्खा भाऊ हाय."

"सख्खा हाय म्हणूनच," तो म्हणाला. 

गावात कुजबुज सुरू झाली ती इथून. कुणी म्हणालं, हात कुत्र्यांनी नेला. कुणी म्हणालं, अमावस्येच्या कामासाठी कुणाला तरी दिला. भरमूच्या कानावर हे कोण घालत होतं देव जाणे, पण प्रत्येक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत होती.

शेवटी एका सकाळी गुंडू गुऱ्हाळावर गेल्यावर तो एकटाच कुदळ घेऊन मळ्यात गेला. डाव्या हातानं कुदळ चालवायची सवय नाही. तरी त्यानं आंब्याखाली खणलं, विहिरीच्या अंगाला खणलं. मी नागुबाईच्या सांगण्यावरून बघायला गेलो, तर तो घामानं निथळत खड्ड्याच्या काठावर बसला होता. माती कधी कुणी हलवलेली नव्हती. जुन्या मुळ्या जशाच्या तशा होत्या. दुपारी गुंडूला बोलावून आणलं, नागुबाईही आली.

"दाव," भरमू म्हणाला. "कुटं ते दाव."

गुंडू खड्ड्यापाशी बसला. मग म्हणाला, "पुरलाच न्हाय, अण्णा. दवाखान्यानं दिला न्हाय. आम्ही मागायचं असतंय हेबी कळलं न्हाय. मी इचारलं तवर त्येंनी त्यांच्या भट्टीत जाळायला धाडला हुता. तू इचारलंस, तुझं तोंड बघून माझ्या तोंडातनं निघून गेलं. मग फिरवता आलं न्हाय."

"हिला ठावं हुतं?"

गुंडू कुदळ उचलून खड्डा बुजवायला लागला. नागुबाईला माहीत होतं.

खरं कळल्यावर संशय सरावा, असं आपल्याला वाटतं. भरमूचं उलट झालं. एवढं खोटं बोलतात म्हणजे आणखी किती बोलत असतील? हात खरंच काढायला हवा होता का? मोटर खरंच वेळेवर बंद झाली का? आणि आता मुठीत आगही जाणवायला लागली. जाळला म्हणूनच, असं त्यानं ठरवून टाकलं. घरात गुंडूशी बोलणं बंद. नागुबाईनं ताट वाढलं की म्हणायचा, "आदी तू खा." ती मुकाट एक घास खायची. कुणी विचारलं तर डोळे पुसायची, तक्रार करायची नाही. गुंडू गुऱ्हाळावरच झोपायला लागला.

मग बेळगुंदीत नागुबाईच्या भावाकडं रताळी काढायचं काम निघालं. तिनं नवऱ्यालाही सोबत नेलं. घर बदललं तर जीवाला बरं वाटेल, एवढाच तिचा हिशोब. तिथं तिची भाची नीलम भेटली. ही पोरगी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे, रोज बसनं जाते-येते. पुढचं बहुतेक मला नीलमनंच सांगितलं.

भरमू सोप्यात बसला होता. घरचे रानात गेले होते, नागुबाई तेवढी उंबऱ्याशी बसली होती. नीलमला सुट्टी होती. ती येऊन समोर बसली.

"मामा, बोटं कशी हाईत?"

आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. सगळे म्हणत, हात कसा हाय, म्हणजे थोटा. भरमूनं लगेच नागुबाईकडं बघितलं. "हिनं सांगितलं व्हय तुला?"

"आत्या काय बोलली न्हाय. तुम्ही मघापास्नं रिकाम्या जाग्याला कुरवाळताय. मूठ हाय काय?"

"हाय."

"अंगठा आत का भाईर?"

"आत," भरमू म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "आत दाबून बसलाय."

नीलमनं त्याला डोळे मिटायला सांगितलं. त्यानं मिटले, पण किलकिले ठेवून. तिनं ते ओळखलं आणि टॉवेल बांधू का विचारलं. मग त्यानं नीट मिटले. तिनं कापसाचा बोळा घेऊन त्याच्या उजव्या गालावरून हळू फिरवला.

"कुठं लागतंय?"

"गालाला." मग थांबून, "आणि अंगठ्याला. अंगठ्याला का लावायलीस?"

डोळे उघडून बघतो तर तिचा हात त्याच्या गालापाशी. त्याला वाटलं, काहीतरी हातचलाखी आहे. नीलम नागुबाईच्या माहेरची, म्हणजे त्या बाजूचीच. तो उठून उभा राहिला, भिंतीशी गेला आणि पाठ फिरवून स्वतःच्याच डाव्या बोटानं गाल चाचपला. हनुवटीकडं, मग वर. बराच वेळ तो तसाच उभा होता. गालाला एका जागी बोट लागलं की अंगठा कळत होता. जरा खाली आलं की करंगळी. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यानं बघितलं होतं.

परत येऊन बसला तेव्हा म्हणाला, "हे काय हाय, सांग."

"बोटापास्नं नसा निघत्यात, मामा. हातातनं, खांद्यातनं मानंकडं जात्यात. तिथं मणक्याच्या आत मज्जारज्जू हाय, जाड दोरासारखा. निरोप त्याच्यातनं वर मेंदूत जातोय. मेंदूत दर एका अवयवाची आपली आपली जागा हाय. तुमचा हात गेला, पर हाताची जागा मेंदूत हाय तशी हाय. पडीक शेतासारखी."

"आणि गाल?"

"गालाची जागा तिला लागूनच हाय. मधला बांध फुटलाय."

"शेजाऱ्यानं बांध रेटला म्हण की," भरमू म्हणाला. हे त्याला पटायला कठीण गेलं नाही.

"मग मूठ का आवळती? आग का हुती? जाळला म्हणून?"

"जाळलेल्या हाताचा निरोप तुमच्यापर्यंत कोण आणणार? आग हितली हाय." तिनं थोट्या हाताच्या टोकाला बोट लावलं तसा तो कळवळला. "नस कापली तिथं तिच्या टोकाला गाठ धरलीया. ती नको नको ते निरोप वर धाडती. आणि मेंदू हुकूम देतोय, बोटं उघड. पर उघडली, असं उलट सांगायला खाली कुणीच न्हाय. म्हणून तो परत परत हुकूम सोडतोय आणि मूठ हाय तशीच ऱ्हाती."

भरमूनं तिला उलटसुलट विचारलं. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारून बघितली, गुंडूला विचारायचा तशी. नीलमचं उत्तर बदललं नाही. मग तिनं उलट विचारलं.

"पाकाचा चटका बसला की हात मागं कोण घेतंय?"

"मीच की."

"तुम्हाला भाजलं हे कळायच्या आदी हात मागं आलेला असतोय. ते काम मज्जारज्जूच करून टाकतोय. मेंदूला मागनं कळतंय. अंगातलं सगळं आपल्याला इचारून हुत न्हाय, मामा. आता घाण्याचं नाव काढलं की घाम सुटतोय तुम्हाला, छाती धडधडती. तुम्ही सांगता काय तिला? त्या नसा येगळ्याच. भ्यालं की त्या आपलं आपण ठरवत्यात. कोण पळतंय, कोण जाग्यालाच खिळतंय."

यावर भरमू उठून अंगणात गेला. नीलमला वाटलं, कंटाळला. 

दुसऱ्या दिवशी तिनं एक खोका आणला. त्यात मधोमध आरसा उभा केला होता. डावा हात आरशापुढं, थोटा हात आरशाच्या मागं. भरमूनं आधी आरसा काढून मागची बाजू बघितली, खोका पालथा केला, आत हात घालून चाचपला. मग बसला. आरशात बघितलं तर डाव्या हाताचं प्रतिबिंब नेमकं उजव्या हाताच्या जागी. दोन हात. 

"डावी मूठ मिटा. उजवी हाय तशी," नीलम म्हणाली. "आता आरशात बघत बघत दोन्ही उघडा. हळू."

नागुबाई दारात उभी होती. ती सांगते, नवऱ्याचं तोंड आधी रागावल्यासारखं होतं. डाव्या हाताची बोटं उघडायला लागली, आरशातलीही उघडली. मग त्यांनी श्वास सोडला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या खांद्याचा ताठा उतरलेला तिनं बघितला.

"सुटली," भरमू म्हणाला. "अंगठा भाईर आला."

संध्याकाळपर्यंत मूठ परत मिटली. नीलमनं आधीच सांगितलं होतं की हे रोज करावं लागेल, आणि दुखणं पूर्ण जाईलच असं नाही. नसेच्या गाठीसाठी तिनं डॉक्टरकडून गोळ्याही चालू करून घेतल्या. पुढं वाडीत नवं पाकीट फोडायच्या आधी भरमूनं त्याच्यावरचं हिंदी, इंग्रजी सगळं माझ्याकडून वाचून घेतलं, ही गोष्ट वेगळी.

वाडीला परतल्यावर पहिल्यांदा तो गुऱ्हाळावर गेला. हंगाम संपत आला होता. गुंडू काहिलीपाशी होता. भाऊ येताना दिसल्यावर तो उभा राहिला. मी दळणाची पोती पोचवायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"एकच इचारतो," भरमू म्हणाला. "मी वरडलो तवा तू उभा हुतास काय?"

गुंडू काहिलीपासून मागं सरला. "व्हय, अण्णा."

"का?"

"पायच उचललं न्हाईत. मोटर दिसत हुती, तू दिसत हुतास. पाय माझं न्हवतंच. किती येळ उभा हुतो कळलं न्हाय. त्यापास्नं तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस हुत न्हाय." तो थांबला. "हात पुरला म्हणालो, ती लबाडी त्यापुढं काय न्हाय. सांगायचं हे हुतं."

मला वाटलं, आता भरमू त्याच्या अंगावर जाणार. इतके महिने ज्या गोष्टीचा संशय घेतला ती खरी निघाली होती. भरमू काहिलीतल्या उकळीकडं बघत राहिला. मग जवळच्या पालथ्या बादलीवर बसला.

"भ्यालास," तो म्हणाला. "भ्यालं की तसंच हुतंय. ते तू केलं न्हाईस."

गुंडू तिथंच चिपाडात बसून रडला. जोतिबानं आच कमी केली आणि लांब जाऊन उभा राहिला.

एका दिवसात सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. नागुबाईला आधी खायला लावणं त्यानं लगेच बंद केलं, पण गुंडू काही सांगायला लागला की भरमूची नजर अजून कधी कधी बारीक व्हायची. आरशाचा खोका कोनाड्यात असायचा. सकाळ-संध्याकाळ तो त्याच्यापुढं बसायचा. पुढच्या हंगामात त्यानं डाव्या हातानं पाक बघायला सुरुवात केली आणि पहिलीच काहील बिघडवली. गूळ कडक होऊन काळा पडला. मी म्हटलं, आता कुणावर तरी घालणार. तो म्हणाला, "नीलम सांगत हुती, अशा सवयीचं काम मागच्या लहान मेंदूचं असतंय. त्यो नव्यानं शिकाय लागलाय, येळ लागंल." तेवढ्यावर सोडलं.

यंदा गुंडूचं लग्न ठरवायला आम्ही चौघं जांबोटीकडं गेलो, मुलगी बघायला. भरमूनं मुलीच्या बापाला इतकं विचारलं, गुरं किती, भात कुठलं, मुलगी सारखी घाटाकडं का बघते, की त्या माणसाला घाम फुटला. मुलगी मात्र पसंत पडली. परतीची बस चुकली आणि दुसरी कधी येईल ते कुणालाच सांगता येईना, म्हणून झाडीतून चालत निघालो. चालताना भरमूनं मला सांगितलं,

"हात आखूड व्हाय लागलाय."

"म्हणजे?"

"पयल्यांदा जागच्या जागी हुता. मग मनगटच गेलं मधलं. आता पंजा कोपराला चिकटल्यागत वाटतोय. मूठ न्हाय. बोटं मोकळी हाईत. नीलमला फोन केलतो. ती म्हणाली, लई जणांचं असंच हुतंय. मेंदू हळूहळू सोडून देतोय."

"मग बरं झालं की."

"बरं झालं," तो म्हणाला. थोडं चालून गेल्यावर पुढं म्हणाला, "पर एकदम जाऊ नये असं वाटतंय."

नागुबाई मागं राहिली होती, तिच्यासाठी आम्ही थांबलो. मुलीकडच्यांनी दिलेली तांदळाची पिशवी भरमूच्या डाव्या खांद्यावर होती. गुंडूनं हात पुढं केला. भरमूनं पिशवी त्याच्याकडं दिली आणि नागुबाईबरोबर सावकाश चालायला लागला.